क्वांटम डॉटचे प्रकाशीय गुण मोजताना: क्युव्हेट धुण्यापासून लाइफटाइमपर्यंत

अतिनील टॉर्चखाली बाटली झगझगीत चमकली म्हणजे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक स्फटिककण) चांगले झाले, असे होत नाही. तेच द्रावण दाट असताना केशरी दिसते आणि पातळ केले की हिरवे. कण बदललेले नसतात. दाट द्रावणात कणांनी सोडलेला हिरवा प्रकाश शेजारचे कणच गिळतात आणि लालसर भाग तेवढा बाहेर येतो. डोळ्याला फसवणारी ही गोष्ट यंत्रालाही तितकीच फसवते. म्हणून या लेखातला सर्वात महत्त्वाचा नियम आधीच सांगतो: आधी शोषण मोजा, मग उत्सर्जन, आणि दोन्ही एकाच द्रावणावर, एकाच दिवशी.

हे मार्गदर्शन पुण्यातल्या एमएस्सी आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांसमोर असते तशी परिस्थिती धरून लिहिले आहे. कॉलेजात यूव्ही-व्हिज (शोषण मोजणारे यंत्र) आहे, पण पीएल (फोटोल्युमिनेसन्स, म्हणजे प्रकाश पाडल्यावर होणारे उत्सर्जन) आणि लाइफटाइमसाठी (ते उत्सर्जन किती वेळ रेंगाळते) विद्यापीठात, पाषाणला एनसीएलमध्ये किंवा आयसरमध्ये, म्हणजे मोठ्या संशोधन संस्थांत, स्लॉट घ्यावा लागतो. स्लॉट तासाचा असतो आणि त्यातला अर्धा वेळ सॅम्पल पातळ करण्यात जातो. ती तयारी आधीच करून गेलात तर तासाभरात सगळे होते.

उदाहरण म्हणून टोल्युइनमधले, कवच (वर चढवलेला दुसऱ्या पदार्थाचा थर) नसलेले कॅडमियम सेलेनाइडचे डॉट धरू. त्यांचे पहिले शोषणशिखर ५४० नॅनोमीटरला आहे आणि उत्सर्जन ५५५ च्या आसपास. कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात न्यायला लागणारी किमान ऊर्जा) १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ७१२ नॅनोमीटर. कणाची त्रिज्या पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान झाली की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर मागे उरलेली धन जागा) यांना मोकळे पसरायला जागा उरत नाही, ऊर्जा वाढते आणि शिखर निळ्याकडे सरकते. काचेत एकिमोव्ह यांनी आणि द्रावणात ब्रुस यांनी हाच परिणाम पाहिला. एकसारख्या आकाराचे कण बनवण्याची रीत बावेंडी यांनी १९९३ मध्ये दिली. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

सॅम्पल धुणे

अभिक्रियेतून काढलेल्या कच्च्या द्रावणावर थेट मोजमाप करू नका. त्यात न वापरलेले ओलिइक आम्ल, फॉस्फिन, कॅडमियमचे क्षार असतात. ते ४०० च्या खाली शोषतात आणि काही वेळा निळसर चमकतातही. १ मिलि कच्चे द्रावण १ मिलि टोल्युइनमध्ये मिसळा आणि द्रावण गढूळ होईपर्यंत थेंबाथेंबाने इथेनॉल घाला. बहुधा ३ ते ४ मिलि लागते. ५००० आरपीएमवर ५ ते १० मिनिटे सेंट्रीफ्यूज करा, वरचा द्रव काढून टाका, आणि गाळ ओलसर असतानाच २ मिलि टोल्युइनमध्ये विरघळवा. गाळ पूर्ण सुकू दिला तर कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा नीट पसरत नाहीत.

असे दोनदा करा. चार-पाच वेळा धुतले की अधिक शुद्ध होईल असे वाटते, पण प्रत्येक धुण्यात पृष्ठभागावरचे लिगँड (कणाला चिकटून त्याला झाकणारे रेणू) थोडे थोडे निघून जातात. उघड्या पडलेल्या अणूंवर इलेक्ट्रॉन अडकतात आणि दीप्ती घटते. किती वेळा धुतले ते वहीत लिहा. दोन बॅचची तुलना करायची असेल तर दोन्ही सारख्याच वेळा धुतलेल्या हव्यात. शेवटी ०.२ मायक्रॉनच्या टेफ्लॉन सिरिंज फिल्टरमधून गाळून घ्या. मोठे गोळे त्यात अडकतात.

थायोग्लायकोलिक आम्लाने झाकलेले, पाण्यातले कॅडमियम टेल्युराइडचे डॉट असतील तर इथेनॉलऐवजी आयसोप्रोपेनॉलने खाली बसवा. बाकी रीत तीच, फक्त टोल्युइनच्या जागी पाणी.

क्युव्हेट

शोषणासाठीच्या क्युव्हेटला (सॅम्पल भरायच्या छोट्या चौकोनी नळीला) दोन बाजू पारदर्शक आणि दोन दुधी असतात. पीएलला चारही बाजू पारदर्शक लागतात, कारण प्रकाश समोरून जातो आणि ९० अंशांवरून गोळा केला जातो. शोषणाची क्युव्हेट पीएलमध्ये घातली की सिग्नल जवळजवळ शून्य येतो आणि अर्धा तास यंत्र तपासण्यात जातो. सगळ्या मोजमापांसाठी चारही बाजू पारदर्शक असलेली, १० मिमीची, टेफ्लॉन बुचाची एकच क्वार्ट्झ क्युव्हेट वापरणे सर्वात सोपे. प्लॅस्टिकची पॉलिस्टायरीन क्युव्हेट टोल्युइनमध्ये काही सेकंदांतच पांढरी पडते. साधी काच ३४० च्या खाली प्रकाश जाऊ देत नाही.

धुताना आधी टोल्युइन तीनदा, मग ॲसिटोन, मग इथेनॉल. भिंतीला डॉट चिकटून राहिले आहेत का हे पाहायला क्युव्हेटमध्ये नुसते टोल्युइन भरून पीएल घ्या. ५५५ ला इवलेसे शिखर दिसले तर धुणे पुरे झालेले नाही. ही तपासणी दर वेळी करावी, दोन मिनिटांचे काम आहे. बोटांचे ठसे अतिनील प्रकाशात चमकतात, म्हणून क्युव्हेट वरच्या कडेला धरा.

पावसाळ्यात एक वेगळीच अडचण येते. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच वापरली की क्युव्हेटच्या बाहेरून दव धरते. बेसलाइन (नुसत्या द्रावकाची पायारेघ) वर चढते आणि सगळे त्याला प्रकीर्णन, म्हणजे प्रकाश विखुरणे, समजतात. बाटली बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. उघडी ठेवली तर दव आत, द्रावणातही उतरते.

शोषण

आधी त्याच क्युव्हेटमध्ये तेच टोल्युइन भरून बेसलाइन घ्या. 'तेच' म्हणजे ज्या बाटलीतल्या टोल्युइनने सॅम्पल पातळ केले त्याच बाटलीतले. ३५० ते ७५० नॅनोमीटर, १ नॅनोमीटरची पायरी, स्लिट (प्रकाशाची फट) १ किंवा २ नॅनोमीटर. टोल्युइन २८५ च्या खाली स्वतःच शोषते, तेव्हा तिथला भाग वापरू नका. तो हवा असेल तर हेक्सेन घ्या.

वर्णपट आला की शिखर पाहण्याआधी उजवीकडचे टोक पाहा. ६५० च्या पुढे रेघ शून्यावर सपाट हवी. ती हळूहळू वर चढत असेल तर द्रावणात गोळे आहेत आणि ते प्रकाश विखुरतात. पुन्हा गाळा. नुसती रेघ खाली ओढून शून्य करणे बरोबर नाही, कारण प्रकीर्णन निळ्याकडे वेगाने वाढत जाते, सगळीकडे सारखे नसते. ३४०-३५० च्या आसपास अचानक पायरी दिसली तर तो बहुतेक यंत्रातला दिवा बदलल्याचा ठसा असतो. सॅम्पलशी त्याचा संबंध नाही.

शिखर स्पष्ट असेल तर त्याची तरंगलांबी वाचा. नुसता खांदा दिसत असेल तर दुसरे अवकलज काढा. त्याचा खोल बिंदू म्हणजे शिखर. बँड गॅप काढायला १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा: १२४० ÷ ५४० = २.३० इलेक्ट्रॉन व्होल्ट. मोठ्या स्फटिकापेक्षा हा ०.५६ ने जास्त आहे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. प्रबंधांमध्ये क्वांटम डॉटसाठी टॉक आलेख (शोषणाच्या उतारावर सरळ रेघ मारून बँड गॅप काढण्याची रीत) काढण्याची सवय जडली आहे. तो आलेख अखंड ऊर्जापट्ट असलेल्या मोठ्या पदार्थासाठी, पातळ थरांसाठी आहे. डॉटमध्ये पातळ्या सुट्या सुट्या असतात. सुंदर शिखर समोर असताना त्याच्या उतारावर रेघ मारून काढलेला आकडा, रेघ कुठे मारली यावर ०.१ ते ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टने हलतो. शिखर दिसत असेल तर शिखरच द्या.

आता आकार. कॅडमियम सेलेनाइडसाठी पेंग यांच्या गटाने २००३ मध्ये दिलेले सूत्र आजही वापरतात. 'त' म्हणजे पहिल्या शिखराची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, व्यासही नॅनोमीटरमध्ये:

व्यास = ०.००००००००१६१२२ × त × त × त × त − ०.०००००२६५७५ × त × त × त + ०.००१६२४२ × त × त − ०.४२७७ × त + ४१.५७

त = ५४० घातल्यावर पदे अशी येतात: १३७.०८६ − ४१८.४६१ + ४७३.६१७ − २३०.९५८ + ४१.५७. बेरीज २.८५. म्हणजे व्यास २.८५ नॅनोमीटर. मोठमोठ्या संख्या एकमेकींतून वजा होऊन छोटी संख्या उरते, हे लक्षात घ्या. ०.४२७७ ऐवजी ०.४३ लिहिले तर त्या एका पदात १.२४ नॅनोमीटरचा फरक पडतो आणि उत्तर १.६ वर येते. 'सूत्र चुकीचे आहे' अशी तक्रार ऐकली की आधी हे पाहा: एक्सेलमध्ये आकडे पूर्ण टाकले का.

त्याच कामातले दुसरे सूत्र मोलर शोषणांक देते: ५८५७ गुणिले व्यासाचा २.६५ वा घात. २.८५ साठी तो सुमारे ९४,४०० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर. ५४० ला शोषण ०.३० असेल तर सांद्रता ०.३० ÷ ९४,४०० = ३.२ मायक्रोमोलर. शिखराची लाल बाजूची अर्धी रुंदी १४ नॅनोमीटरपेक्षा वेगळी असेल तर शोषणाला आधी (अर्धी रुंदी ÷ १४) ने गुणा, म्हणजे आकारांच्या पसाऱ्याचा हिशोब होतो.

ही सूत्रे फक्त गाभ्यासाठी आहेत. झिंक सल्फाइडचे कवच चढवल्यावर शिखर थोडे लालीकडे सरकते. त्या तरंगलांबीवरून काढलेला व्यास ना गाभ्याचा असतो ना पूर्ण कणाचा. कवच चढवण्याआधी थोडे सॅम्पल बाजूला काढून त्याचा वर्णपट घेऊन ठेवा.

स्लॉटच्या ठिकाणी नेताना

हेक्सेनमधले सॅम्पल मे महिन्यात दुचाकीच्या डिकीतून पाषाणला नेले की पोहोचेपर्यंत त्यातले थोडे उडून गेलेले असते आणि कॉलेजात मोजलेले शोषण आता खरे नसते. पॅराफिल्म इथे उपयोगी नाही, हेक्सेन आणि टोल्युइनच्या वाफेने ती मऊ पडते. टेफ्लॉन अस्तराचे झाकण असलेली तपकिरी व्हायल घ्या, फॉइलमध्ये गुंडाळा, बर्फाच्या डब्यात नव्हे तर साध्या जेवणाच्या डब्यात सावलीत ठेवा. आणि काहीही असो, पीएलच्या आधी तिथल्या यूव्ही-व्हिजवर शोषण पुन्हा घ्या.

शक्यतो गुरुवार टाळा. महावितरणची देखभालीची कामे आणि महापालिकेचा पाणीबंद बहुधा त्याच दिवशी असतात. झेनॉन दिवा मध्येच विझला तर तो थंड होऊन पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि दोन टप्प्यांत घेतलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पीएल

उद्दीपनाच्या तरंगलांबीला शोषण ०.०५ ते ०.१ मध्ये हवे. कारण साधे आहे. क्युव्हेटच्या मधल्या भागातून प्रकाश गोळा होतो, आणि तिथवर पोहोचेपर्यंत उद्दीपनाचा प्रकाश कमी झालेला असतो. शोषण ०.१ असेल तर मध्यापर्यंत सुमारे ११ टक्के घट होते, ०.५ असेल तर ४४ टक्के. मूळ द्रावणाचे शोषण ४०० ला ०.९० असेल तर ते ०.०६ वर आणायला १५ पट पातळ करायचे: २०० मायक्रोलिटर द्रावण आणि २.८ मिलि टोल्युइन.

दिवा ३० मिनिटे तापू द्या. यंत्र ठीक आहे का हे पाहायला शुद्ध पाणी भरून ३५० ने उद्दीपित करा. ३९७ ला पाण्याचे रामन शिखर (द्रावकाच्या रेणूंनी थोडी ऊर्जा घेऊन विखुरलेला प्रकाश) दिसायला हवे. त्याची उंची दर वेळी वहीत लिहा. ती महिनाभरात हळूहळू घसरली तर दिवा म्हातारा झाला आहे, आणि जुन्या-नव्या तीव्रतांची थेट तुलना करता येणार नाही.

आपल्या सॅम्पलसाठी उद्दीपन ४००, दोन्ही स्लिट २ नॅनोमीटर, स्कॅन ४१५ पासून ७५० पर्यंत. ८०० च्या पुढे जाऊ नका, तिथे ४०० चीच दुसरी कोटी (जाळीने दुप्पट तरंगलांबीवर दाखवलेला तोच प्रकाश) येते. ते सॅम्पलचे उत्सर्जन नव्हे. ४५६ च्या आसपास छोटे शिखर दिसले तर तो टोल्युइनचा रामन असतो. खात्री करायची असेल तर उद्दीपन ४१० करा: रामनचे शिखर ४६९ ला सरकते, डॉटचे ५५५ लाच राहते. ४२० चा लाँगपास (त्यापुढचाच प्रकाश सोडणारा) फिल्टर उत्सर्जनाच्या बाजूला लावला तर दुसऱ्या कोटीचा प्रश्नही सुटतो.

सिग्नल डिटेक्टरच्या मर्यादेत आहे का ते तपासा. फोटोमल्टिप्लायर सेकंदाला दहा-वीस लाख गणनांच्या पुढे सरळ रेषेत चालत नाही; शिखराचे डोके चपटे होते आणि रुंदी उगाच जास्त दिसते. उद्दीपनाच्या वाटेत निम्मा प्रकाश अडवणारा फिल्टर ठेवा, सिग्नल बरोबर निम्मा झाला पाहिजे. स्लिट १० नॅनोमीटर उघडून सिग्नल वाढवण्याचा मोह होतो, पण मग २५ नॅनोमीटर रुंदीचे शिखर २७ चे दिसते.

चांगल्या कॅडमियम सेलेनाइडची अर्ध्या उंचीवरची रुंदी २५ ते ३५ नॅनोमीटर असते. वेगवेगळ्या रंगांच्या सॅम्पलची तुलना करायची तर रुंदी ऊर्जेत सांगा: ५५५ ला ३० नॅनोमीटर म्हणजे १२१ मिलि-इलेक्ट्रॉन व्होल्ट. आणि संपूर्ण वर्णपट ऊर्जेच्या अक्षावर नेताना तीव्रतेला तरंगलांबीच्या वर्गाने गुणायला विसरू नका. नुसता आडवा अक्ष बदलला तर शिखराची जागाही चुकते, विशेषतः रुंद शिखरांची.

६५० ते ७५० मध्ये पसरट उंचवटा असेल तर तो पृष्ठभागावरच्या सापळ्यांचा आहे. लहान कणांत तो जास्त दिसतो, कारण त्यांचे बरेचसे अणू पृष्ठभागावरच असतात. कवच चढवल्यावर तो गेला तर कवच नीट बसले, हा सर्वात सोपा पुरावा.

एक स्कॅन फुकट जाऊ देऊ नका: उद्दीपन वर्णपट. उत्सर्जन ५७० ला स्थिर ठेवा आणि उद्दीपन ३५० ते ५५० फिरवा. हा आलेख शोषणाच्या आलेखाशी जुळला पाहिजे. शोषण ३७० ला चढते पण उद्दीपन वर्णपट चढत नाही, असे दिसले तर तिथे शोषणारी गोष्ट डॉट नाही, धुण्यात राहिलेली अशुद्धी आहे.

सॅम्पल दिव्याखाली ठेवून गप्पा मारत बसू नका. उद्दीपनाच्या प्रकाशात डॉट काही वेळ उजळतात आणि मग मंदावतात. दोन स्कॅनमध्ये शटर बंद ठेवा.

तापमानाचेही भान हवे. एसी नसलेल्या खोलीत मे आणि डिसेंबरमध्ये १० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने शिखर साधारण १ नॅनोमीटर हलते आणि तीव्रता बदलते. १ नॅनोमीटरच्या फरकावर निष्कर्ष काढत असाल तर तापमान नियंत्रित करणारा होल्डर मागून घ्या.

दुसऱ्या पदार्थांकडून हीच अपेक्षा ठेवू नका. कॉपर इंडियम सल्फाइडचे शिखर १०० नॅनोमीटर रुंद असते आणि शोषणापासून बरेच दूर. त्यात आकारांचा पसारा शोधणे व्यर्थ. मँगनीज घातलेल्या झिंक सल्फाइडचे केशरी शिखर ५८५ च्या आसपास येते, आणि कणाचा आकार बदलला तरी ते फारसे हलत नाही.

क्वांटम यील्ड

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश जाऊ. क्वांटम यील्ड म्हणजे शोषलेल्या प्रत्येक १०० फोटॉनमागे किती बाहेर आले. ते ज्ञात यील्डच्या रंगद्रव्याशी, म्हणजे 'प्रमाणा'शी, तुलना करून काढतात. आपल्या डॉटसाठी इथेनॉलमधले ऱ्होडामाइन ६जी योग्य: यील्ड ०.९५, आणि उत्सर्जन डॉटच्याच भागात. निळ्या डॉटसाठी ०.५ मोलर गंधकाम्लातले क्विनीन सल्फेट, यील्ड ०.५४. क्विनीनसाठी हायड्रोक्लोरिक आम्ल कधीही घेऊ नका. क्लोराइड त्याची दीप्ती विझवते. नळाचे पाणीही नको.

सूत्र असे: डॉटचे यील्ड = प्रमाणाचे यील्ड × (डॉटचा उतार ÷ प्रमाणाचा उतार) × (डॉटच्या द्रावकाचा अपवर्तनांक ÷ प्रमाणाच्या द्रावकाचा अपवर्तनांक) चा वर्ग. उतार म्हणजे आडव्या अक्षावर शोषण आणि उभ्या अक्षावर पीएलखालचे क्षेत्रफळ घेऊन काढलेल्या सरळ रेषेचा.

दोघांनाही एकाच तरंगलांबीने, ४८० ला, उद्दीपित करा. स्लिट, डिटेक्टर, वेळ काहीही बदलायचे नाही. डॉटची पाच द्रावणे करा: ४८० ला शोषण ०.०२, ०.०४, ०.०६, ०.०८ आणि ०.१०. यंत्राने दुरुस्त केलेला वर्णपटच वापरा. डिटेक्टर लालीकडे कमी संवेदनशील असतो.

ऱ्होडामाइनसाठी मात्र हीच शोषणे घेऊ नका. त्याचे शोषणशिखर ५३० ला आहे आणि ४८० पेक्षा कित्येक पट उंच. ४८० ला ०.१० म्हणजे ५३० ला इतके शोषण, की उत्सर्जनाची निळी बाजू तो स्वतःच गिळतो. मग प्रमाण फिके पडते आणि तुमच्या डॉटचे यील्ड फुगते. ५३० चे शिखर ०.१ च्या खाली राहील इतके पातळ घ्या. मग ४८० ला शोषण ०.०२ च्या आसपास येते, जिथे यंत्राची ०.००१ ची चूकही ५ टक्क्यांची होते. यावर उपाय असा: दाट द्रावणाचे शोषण ०.४-०.५ ला नीट मोजा, आणि मायक्रोपिपेटने पातळ करून हिशोबाने शोषण काढा. ऱ्होडामाइन इथेनॉलमध्ये पातळ केल्याने बिघडत नाही. डॉट बिघडतात: फार पातळ केले की लिगँड सुटतात आणि यील्ड खरोखरच उतरते. म्हणून डॉटचे पातळ द्रावण ताजे करा, तासाभरात मोजा.

उदाहरण घेऊ. उतारांचे गुणोत्तर ०.११ आले. टोल्युइनचा अपवर्तनांक १.४९६, इथेनॉलचा १.३६१, गुणोत्तराचा वर्ग १.२०८. यील्ड = ०.९५ × ०.११ × १.२०८ = ०.१२६. अपवर्तनांक विसरलात तर ०.१०५ येते. हेक्सेनमध्ये, जिथे अपवर्तनांक १.३७५ आहे, ही दुरुस्ती फक्त २ टक्के असते. शक्य असेल तर यील्डसाठी हेक्सेनच वापरा.

आलेख पाहताना दोन गोष्टी तपासा. रेघ वरच्या टोकाला खाली वाकली तर द्रावण दाट आहे. तो बिंदू काढा. रेघ शून्यातून जात नसेल आणि शोषणाच्या अक्षाला उजवीकडे छेदत असेल तर शोषणात प्रकीर्णन किंवा अशुद्धी मिसळली आहे. आधी सॅम्पल धुवा. कवच नसलेल्या डॉटचे यील्ड ८० टक्के आले तर आनंद मानण्याआधी ऱ्होडामाइनची बाटली तपासा.

इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल) उपलब्ध असेल तर प्रमाणाची गरज नाही. पण गोलात प्रकाश सॅम्पलमधून अनेकदा जातो, म्हणून पुनर्शोषण तिथे आणखी जास्त होते. पातळ द्रावणाचा नियम तिथेही तसाच.

लाइफटाइम

४०५ नॅनोमीटरचा स्पंदित डायोड लेसर, उत्सर्जन ५५५ ला. कॅडमियम सेलेनाइडची दीप्ती काही दहा नॅनोसेकंद रेंगाळते, म्हणून स्पंदने सेकंदाला १० लाख ठेवा. दोन स्पंदनांत १००० नॅनोसेकंद मिळतात. लेसर जास्त वेगाने चालवला तर आधीच्या स्पंदनाची शेपटी पुढच्यावर चढते आणि पार्श्वभूमी उगाच उंच दिसते. गणना स्पंदनांच्या १ टक्क्यात, म्हणजे सेकंदाला १०,००० च्या खाली ठेवा. यंत्र प्रत्येक स्पंदनातला पहिलाच फोटॉन मोजते. फोटॉन जास्त आले की उशिरा येणारे सुटतात आणि लाइफटाइम खोटा कमी येतो. वेळ वाचवायला लेसर वाढवणे ही इथली सगळ्यात महागडी घाई. शिखरावर १०,००० गणना होईपर्यंत थांबा.

यंत्राचा स्वतःचा प्रतिसाद पाण्यातल्या लुडॉक्सच्या (प्रकाश विखुरणाऱ्या सिलिका कणांच्या द्रावणाच्या) दोन-तीन थेंबांवर, उत्सर्जन ४०५ ला आणून घ्या. त्याआधी लेसर खूप मंद करा, विखुरलेला लेसर डिटेक्टर जाळू शकतो.

दीप्ती विझण्याच्या वक्रावर एक घातांक क्वचितच बसतो. दोन किंवा तीन घ्या, उरलेल्या फरकांचा आलेख शून्याभोवती यादृच्छिक दिसेपर्यंतच. त्यापुढे घातांक वाढवण्यात भौतिकी नाही. सरासरी कोणती ते नक्की लिहा. ५ नॅनोसेकंद ६० टक्के आणि २२ नॅनोसेकंद ४० टक्के असेल तर साधी भारित सरासरी ११.८ येते आणि तीव्रतेची सरासरी १७.७. दोन्ही बरोबर आहेत, पण वेगळ्या आहेत. यील्डशी जोडायची तर ११.८ घ्या.

फ्लोरिमीटर (पीएल मोजणारे यंत्र) मिळत नसेल तर

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, ४०५ चा एलईडी, जुन्या डीव्हीडीचा तुकडा आणि वेबकॅम घेऊन बनवलेला वर्णपटमापक शिखराची जागा २-३ नॅनोमीटरच्या अचूकतेने देऊ शकतो. डीव्हीडीच्या रेघांत ०.७४ मायक्रॉन अंतर असते, म्हणजे मिलिमीटरला सुमारे १३५०. सीडीपेक्षा दुपटीहून बारीक. सीएफएल दिव्यातल्या पाऱ्याच्या ४३५.८ आणि ५४६.१ या रेघांनी मोजपट्टी लावा. कॅमेऱ्याचे ऑटो एक्स्पोजर बंद करा. यील्ड किंवा रुंदी यावरून काढू नका.

कॅडमियमचे उरलेले द्रावण, धुण्याचे पाणी, पुसलेले टिश्यू हे सगळे वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत आणि पिशवीत जमा करा. बेसिनमध्ये ओतलेले शेवटी मुळा-मुठेतच जाते. टेल्युराइड आणि सेलेनाइडच्या कचऱ्यात आम्ल कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. क्युव्हेट नायट्रिक आम्लाने धुण्याआधीही त्यातले डॉट पाण्याने किंवा टोल्युइनने पूर्ण काढून, ते पाणी त्या बाटलीतच ओता.